सातव्यांदा आलेली ड्रॉ ऑफर

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की टिंगल करणाऱ्यांतला मी. आजही करतो… फक्त या एका दुपारची करवत नाही.

साल २००४. रत्नागिरीत एसटी स्टँडजवळच्या सायबर कॅफेत मी ऑनलाइन बुद्धिबळ खेळायला जायचो. हा खेळ मला शिकवला चुलतभाऊ अनंतदादानं. पण तेव्हा आमच्यात दोन घरांमधल्या चिऱ्याच्या गडग्यावरून, म्हणजे दगडी कुंपणावरून, कोर्टात दावा चालू होता. घराला घर लागून, आणि चार वर्षं बोलणं बंद!

त्या दिवशी सकाळपासून मी बाहेरच होतो. दोनच्या सुमारास नाव न देता खेळणारा एक अनोळखी ‘गेस्ट’ समोर आला. पाचव्याच चालीला ड्रॉ ऑफर, डाव बरोबरीत सोडवू म्हणून. मी नाकारली. पुढच्या चालीला परत! एकदा नाही म्हटल्यावर सारखं विचारू नये, एवढी साधी रीत आहे. मी चॅटमध्ये लिहिलं — भीक मागतोस काय?

इंग्रजी अक्षरांत मराठी उत्तर आलं, “बाळ्या, घे बरोबरी. गडग्याचंही मिटवू.”

मला बाळ्या म्हणणारा माणूस एकच, दादा. डोकंच फिरलं. कोर्टात खेचतो आणि इथे लपून गोड बोलतो? “मर मेल्या,” मी लिहिलं. ऑफर येत राहिल्या. सातवीही नाकारली आणि चारच्या ठोक्याला मात केली. त्यानं शेवटी एवढंच लिहिलं, “बरं. मग असंच राहू दे.”

भांडायलाच घरी गेलो, तर दादाच्या दाराला कुलूप. शेजारी म्हणाले, सकाळीच अर्धांगाचा झटका आला, हॉस्पिटलात नेलंय.

तिथे वहिनीनं मला दारातच अडवलं. “कशाला आलास? मेला काय ते बघायला?”

“वहिनी, दादा दुपारी कुठे होता?”

“कुठे असणार? अकरापासून इथेच. शुद्ध नाही, वाचा नाही. डावा हात तेवढा चादरीवर चालू होता… काहीतरी उचलून ठेवल्यासारखा. चारला तोही थांबला.”

दादा वाचला. हळूहळू बोलायलाही लागला — माझ्याशी सोडून. तीन महिन्यांनी न राहवून मीच गडग्यापलीकडे हाक मारली. “दादा, त्या दिवशी… तूच होतास काय?”

त्यानं माझ्याकडे थंडपणे पाहिलं. “सात वेळा विचारलं ना तुला? आता तू कशाला विचारतोस?” आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

रागाच्या भरात तेव्हा सुचलं नाही, पण दादानं कॉम्प्युटरला जन्मात हात लावला नव्हता. मी हे अनेकांना सांगितलं, कोणालाच अर्थ लागला नाही… मलाही नाही. पुढे दादा वारला. तेव्हाही आमचं बोलणं नव्हतं.