निळ्यानंतर मासा

भावाला मी त्या तपासणीसाठी घोकंपट्टी करायला लावली, हे सांगताना अजून लाज वाटते. मुलुंडला मी दहावीच्या गणिताच्या शिकवण्या घेते. परीक्षा म्हटली की माझ्या अंगात येतं. धाकट्या भावाला पंधरा वर्षं स्किझोफ्रेनिया आहे. त्याच्या डॉक्टरांनी विचारलं, एका संशोधनात भाग घेशील का? एमआरआय मशीनमध्ये झोपून चित्रांचा खेळ खेळायचा, पुढे कोणतं चित्र येईल ते ओळखून बटण दाबायचं, बस्स. तो लगेच हो म्हणाला.

नमुन्याचा एक कागद घरी आला. निळा चौकोन दिसला की पुढे बहुतेक वेळा मासा येतो, पिवळा दिसला की छत्री. त्यावरून फक्त एकदा नजर फिरवायची होती. मी मात्र आठवडाभर त्याला रोज तासभर समोर बसवलं.

"निळ्यानंतर काय?"

"मासा."

उत्तराला उशीर झाला की मी खेकसायची. तपासणीच्या सकाळी आईने तर त्याच्या तळहातावर दही-साखरसुद्धा ठेवली.

मशीनमधून तो बाहेर आला, तेव्हा संशोधन करणारी मुलगी बुचकळ्यात पडली होती. "मॅडम, न सांगता आम्ही मध्येच जोड्या बदलतो. निळ्यानंतर छत्री यायला लागते. अंदाज चुकला की मेंदूचे भाग एकमेकांना कसं कळवतात, ते आम्हाला बघायचं असतं. स्किझोफ्रेनियात हे दळणवळण सरासरीने वेगळं दिसतं, नैराश्यात आणखी वेगळं. पण यांनी शेवटपर्यंत माशाचंच बटण दाबलं."

"आजारच तसा आहे ना," मी म्हटलं. "बदल झालेला त्याला कळतच नाही." तो समोर उभा असताना त्याच्याबद्दल असं बोलायची मला सवयच झाली होती.

"कळला होता," तपासणीसाठी काढलेला कमरेचा पट्टा लावता लावता भाऊ म्हणाला. "तीन-चार वेळा छत्री आली तेव्हाच कळलं, उलटं झालंय."

मी त्याच्याकडे वळले. "मग छत्री का नाही दाबलीस रे?"

"तू मासा सांगितला होतास ना, ताई."

त्या मुलीने माझ्याकडे पाहिलं. घरी पाठ करून घेतलं होतं का, तिने विचारलं. मी हो म्हटलं. मग ही नोंद धरता येणार नाही, ती हळूच म्हणाली. मी ऐकलं न ऐकलं. पंधरा वर्षं मी सगळ्यांना सांगत आले होते, की याला पुढचं काही कळत नाही, म्हणून मला ओरडावं लागतं.

"माझं चुकलं की ताई आधी चष्मा काढते, मग ओरडते," भाऊ त्या मुलीकडे बघत म्हणाला, एखादी साधी माहिती द्यावी तसं. "ते मला बरोबर कळतं."

माझे डोळे भरून आले, काही दिसेना. पुसायला म्हणून मी चष्मा काढला आणि तो दोन पावलं मागे सरला.