नत्थुजींच्या घरचं निर्भेळ दूध

बाळापूरचे नत्थुजी रोज सकाळी मोटरसायकलला दोन कॅन लटकावून अकोल्याच्या जठारपेठेत दूध घालत. उभ्या जन्मात दुधात पाण्याचा थेंब टाकला नाही, हे ते न विचारताही सांगत. कुणी चेष्टेनं 'आज पातळ वाटतं' म्हटलं की गडी दोन दिवस त्या दाराला जात नसे. घरचे लोक म्हशींपेक्षा हा अभिमानच जास्त जपत.

सून प्रणाली सातव्या महिन्यातच बाळंत झाली. मुलगी ओंजळीत मावेल एवढी. अकोल्याच्या दवाखान्यात तिला काचेच्या पेटीत ठेवलं. प्रणाली वाटीत दूध काढून द्यायची, सिस्टर ते नळीनं पाजायची. एकदा नत्थुजींनी दारातून पाहिलं, तर सिस्टर चंदा त्या दुधात पुडी फोडून पावडर मिसळत होती. त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला.

"बाई, मायच्या दुधात पावडर कावून टाकून राहिल्या?"

"बाबाजी, दूध चांगलंच हाय. पन लेकरू लवकर आलं. पोटात शेवटच्या महिन्याईत हाडाले जे भेटते, ते हिले भेटलंच नाई. ते या पुडीत हाय."

नत्थुजींनी मान डोलावली. पटलं मात्र काडीचंही नाही. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी पुड्यांचं खोकं दिलं आणि वजन भरेपर्यंत काढलेल्या दुधात मिसळायला बजावलं. बाळापुरात पोचल्या पोचल्या नत्थुजींनी ते खोकं उकिरड्यावर फेकलं.

"माह्या घरात दुधात पावडर पडनार नाई. तुह्या दुधाले काय झालं वं?"

नवरा श्याम बापापुढे कधी बोललाच नव्हता. आणि प्रणालीला तरी दुसरं काय ऐकायचं होतं? आपलं दूध लेकराला पुरत नाही, म्हणून ती त्या पेटीशेजारी रोज रडली होती. सासऱ्याचं बोलणं तिला गोड लागलं, यात तिचा काय दोष?

पोरगी प्यायची, झोपायची. नत्थुजी जठारपेठेत दारोदार सांगत सुटले, आमची नात निव्वळ मायच्या दुधावर आहे म्हणून. मग एका सकाळी प्रणालीनं झबलं घालताना तिचा हात बाहीतून हळूच ओढला. पोरगी किंचाळली आणि हात लुळा पडला.

दवाखान्यात हाडांचा फोटो काढला. हाड मोडलं होतं, आणि बाकीची हाडंही पार विरळ झालेली होती.

"पुड्या कोणी बंद केल्या?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

नत्थुजी तिथंच उभे होते.

"म्याच," प्रणाली खाली मान घालून म्हणाली. "ध्यानात नाई राह्यलं."

डॉक्टरीणबाई तिला नाही नाही ते बोलल्या. तू आई आहेस की कोण, इथपर्यंत बोलल्या. प्रणालीनं सगळं ऐकून घेतलं आणि नत्थुजींनी तिला ऐकू दिलं. लाज वाटत होती, तरीही ऐकू दिलं.

बाहेर आल्यावर ते कसेबसे म्हणाले, "पोरी, मी सांगतो त्याह्यले."

"आता सांगून काय भेटनार हाय, मामाजी?" ती म्हणाली. "फक्त तिले हात नका लावू."