मास्तर आणि मोकळा खोका

संगणकाच्या पडद्यावर रिकामी चौकट दिसली, की भातात खडा लागल्यासारखा मास्तरांचा चेहरा व्हायचा. मग खुर्ची सरकवून ते माझ्या टेबलाशी येत आणि म्हणत, "ताई, खोका मोकळा राहिलाय." मी त्यांच्या मुलीच्या वयाची, तरी ताई. दिवसातून दहा वेळा. डोकं उठायचं माझं.

आश्रमशाळेत संगणक शिकवता शिकवता ते स्वतःच जावा ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकले आणि शाळा सोडून आमच्या जव्हारच्या चार खुर्च्यांच्या ऑफिसात आले. आम्ही एका वसतिगृहाच्या प्रवेशाचं संकेतस्थळ करत होतो. अर्जाचा नंबर टाकला की मुलीचं नाव आणि खाली चौकटी: शाळा, गाव, आजार वगैरे. एखाद्या चौकटीत लिहायला काही नसलं तर मजकूर गायब व्हायचा, पण मथळा आणि चारी बाजूंच्या रेघा तशाच उभ्या. मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मास्तरांना मात्र ते सहनच होईना. "आतली माणसं जगायला गेली, आता कुडाच्या भिंती कोणासाठी?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आमच्याकडे भात काढून झाला की घरंच्या घरं वीटभट्टीवर कामाला जातात, त्याला जगायला जाणं म्हणतात.

बरं, ऑफिसात बसून छळतील तर ते मास्तर कसले? मोखाड्याच्या बाजाराच्या दिवशी हे संकेतस्थळाची पानं छापून जीपस्टँडवर जाणार आणि येईल त्याला ती दाखवून विचारणार, काय समजलं? मी डबा उघडला की नेमका फोन. "ताई, इथल्या एका आजींना वाटलं, मोकळ्या खोक्यात अंगठा द्यायचाय." मी म्हणायची, "मास्तर, जेवू द्या हो." तर म्हणत, "जेवा, जेवा. पण खोका घालवा."

शेवटी मी हात टेकले. आम्ही वापरायचो त्या जावाच्या साधनात एक सोय होती. चौकटीभोवती एक आवरण घालायचं आणि आतल्या कुठल्या गोष्टीवर ते अवलंबून आहे, ते सांगायचं. ती गोष्ट नसली की मथळा, रेघा, सगळी चौकटच नाहीशी. मास्तर खूश. म्हणाले, "कुठलं आवरण कशावर टांगलंय ते वहीत लिहा, मग मी तपासतो." मी इतकी वैतागले होते की वही उघडलीच नाही.

प्रवेशाच्या चौकटीत तीन गोष्टी होत्या: निवड झाल्याची ओळ, हजर व्हायची शेवटची तारीख आणि पालकांचा मोबाईल नंबर. मी ते आवरण मोबाईल नंबरावर टांगलं. तपासायला घेतलेल्या सगळ्या अर्जांत नंबर होता. नंबर नसलेला माणूस माझ्या डोक्यातच आला नाही.

आमच्या जव्हार तालुक्यातल्या वांगणीच्या एका मुलीच्या घरी फोन नव्हता. तिची निवड झाली होती, पण नंबर नाही म्हणून ती अख्खी चौकट गेली आणि तिच्या पानावर नाव, शाळा, गाव एवढंच आलं. आईने मोखाड्यात एका दुकानदाराच्या मोबाईलवर ते पाहिलं आणि मुलीला घेऊन भट्टीवर गेली. तारीख टळली, जागा दुसरीला मिळाली.

हजर न झालेल्यांची यादी मास्तरांनीच पाहिली. तिचं पान उघडून मला बोलावलं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं भिवंडीकडच्या त्या भट्टीवर गेलो. मुलगी आईला चिखल आणून देत होती. आई चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "मोकला खोका असता तरी इचारला असता. काहीच नव्हता, मंग काय इचारायचा?"

मास्तर म्हणाले, "बाई, माझं चुकलं. खोके मीच काढायला लावले."

मी तोंड उघडलं, तोच माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, गाडीतून पाण्याची बाटली आणता का?" आणि मी गेले. त्या जाण्याचा राग मला अजून आहे, स्वतःचा आणि त्यांचाही. माझी चूक या माणसाने मला धड कबूलसुद्धा करू दिली नाही.

पुढच्या वर्षी त्या मुलीला प्रवेश मिळाला, पण एक वर्ष गेलं ते गेलंच. मास्तर नोकरी सोडून वांगणीजवळच्या शाळेत शिकवायला गेले. आता प्रवेशाची चौकट कोणासाठीही लपत नाही. लिहायला काही नसेल तर तिथे 'ऑफिसात विचारा' एवढं येतं.

बाजाराच्या दिवशी फोन अजून येतो, तोही नेमका जेवायच्या वेळी. परवा म्हणाले, "ताई, आत्ता एकीचं पान बघितलं. खोका आहे जागेवर."

मी म्हणाले, "मास्तर, तेव्हा चूक माझी होती. वही मी लिहिली नव्हती."

हे मी त्यांना पाचव्यांदा सांगत होते. मागे वावर गावाला जाणारे जीपवाले 'वावर, वावर' म्हणून ओरडत होते. मास्तर म्हणाले, "डबा खाऊन घ्या, ताई. गार होईल."