पहिल्या दिवसाचा कोट

नाक्यावर भाजी विकणाऱ्या शांताबाई सकाळीच लेकीला घेऊन माझ्या इस्त्रीच्या टपरीवर आल्या. हातात नव्या कारखान्याचा निळा कोट. "आज पहिला दिवस आहे पोरीचा. एकच दिलाय त्यांनी, जाळू नका हो भाऊ!"

माझी कोळशाची इस्त्री आणि ते चकचकीत कापड! ओल्या फडक्यावर तीनदा टेकवून पाहिली, मग सुती पंचा अंथरून वरून हलकेच फिरवली.

सहावीत शाळा सुटली आणि मी नांदेडकडून इथं आलो, तेव्हा लोक लग्नकार्यापुरतेच कपडे इस्त्रीला द्यायचे. आता रोज ढीग पडतो, दवाखान्याचे, बँकेचे, कारखान्याचे. जणू गावात रोजच कुणाचं तरी कार्य! त्या मांडवात माझ्यासारख्या परक्यालाही या गावानं जागा दिली.

कोट घालून पोरगी कंपनीच्या बसमध्ये चढली. आत बाकं रिकामी होती, तरी ती दांडा धरून उभीच.

"अगं, बस की!" शांताबाई ओरडल्या.

"चुरगळेल ना, आई!"

बस वळणाआड जाईपर्यंत मीही उभाच होतो.