कुत्र्याच्या अंगातलं जाकीट

आमच्या गावच्या महिला ग्रामसभेत सिनेमा दाखवला गेला. खोटं वाटत असेल तर या गावात आणि कोणत्याही बाईला विचारा.

सभा मागितली होती आम्हीच. विषय एकच होता, पाण्यात चालणारी नाव. धरणाचं पाणी फुगून आमच्या नाल्यात शिरलं तेव्हापासून गाव अलीकडे आणि अर्धी शेतं पलीकडे अशी गत आहे. रस्त्यानं जायचं तर दुसरबीडच्या अंगानं एवढा वळसा पडतो की निंदायला गेलेली बाई घरी यायची कधी आणि चूल पेटवायची कधी? म्हणून आम्ही गादी केली. फ्रिजच्या खोक्यांतलं थर्माकोल खताच्या पोत्यांत भरून शिवायचं, वर फळ्या बांधायच्या, दोन्ही काठांच्या बाभळींना दोर ताणायचा आणि तो दोर ओढत ओढत पलीकडे जायचं. लहान लेकरू सोबत असेल तर त्याच्या कमरेला तेलाचा रिकामा कॅन बांधायचा. ही आमची जलवाहतूक.

दोर माझी माय ओढते. गादीवर कायदा एकच, दोर जिच्या हातात तिचं ऐकायचं. ती बस म्हणेपर्यंत चढायचं नाही, ऊठ म्हणेपर्यंत हलायचं नाही. तिथं सासू-सून, पाटलीण-मजूर असलं काही चालत नाही. एवढं पाळूनही मागच्या आखाडात गादी कलली आणि शेजारच्या काकूंची नात पाण्यात गेली. कॅननं तिला वर धरलं, मायनं वेणीला धरून ओढलं. पोरगी आज शाळेत जाते. माय मात्र त्या दिवसापासून घास तोंडात धरून मध्येच थांबते, कुठं तरी बघत बसते.

पेरणी तोंडावर आली होती. पेरणीच्या आत फायबरची नाव, लेकरांसाठी तरंगायची जाकिटं आणि नाव चालवायला पगारी माणूस, एवढा ठराव घ्यायचा होता. मी पत्रक काढलं: "पूल द्याल तेव्हा द्या, नाव आज द्या!" पिठाच्या गिरणीवर चिकटवलं, साखरखेर्ड्याच्या बाजारात वाटलं. भज्यांच्या गाडीवाल्यानं त्यात भजी बांधून दिली. असो. वाचली तरी असतील कोणी खाता खाता.

आमच्या सरपंच बाई आहेत, पण खुर्चीत त्यांचे मिस्टर बसतात. सगळं गाव त्यांनाच सरपंच साहेब म्हणतं. त्यांची शेती अलीकडे, विहिरीसकट. जन्मात गादीवर पाय ठेवलेला नाही. सभेच्या दिवशी आम्ही शाळेत गेलो तर खिडक्यांना सतरंज्या लावून अंधार केलेला, भिंतीवर पांढरी चादर, मध्ये प्रोजेक्टर.

"हे काय भाऊ?" मी विचारलं.

"पिच्चर. बायकाइले काई विरंगुळा नको का? आधी पिच्चर, मंग सभा."

डाव मला तिथंच कळला. सिनेमा संपेपर्यंत बकऱ्या घरी यायची वेळ होणार, नळ सुटायची वेळ होणार. बाया उठून जाणार, माणसं नाहीत म्हणून सभा तहकूब, आणि पुढची सभा पेरणी उरकल्यावर.

"हे बेकायदेशीर आहे," मी म्हटलं.

"तुम्ही पत्रकं काढा ताई. हसाले बी परवानगी लागते का आता?"

बाया हसल्या. माझी मायही हसली! मी दाराशी उभी राहिले, आत बसले नाही. तेवढाच माझा निषेध.

सिनेमा हिंदीत डब केलेला होता. कुठल्या तरी गोऱ्या देशातलं एक कुटुंब सुट्टीला शिडाची बोट भाड्यानं घेतं. बापाला बोटीतलं ओ की ठो कळत नाही, पण कप्तानाची टोपी त्याच्याच डोक्यावर. बायको त्याला दिशा सांगते, म्हातारा सासरा भलतीच दोरी सोडतो, पोरं शिडात गुंडाळली जातात, जेवणाची टोपली समुद्रात आणि मासा ताटात. बाया पोट धरून हसत होत्या. माझा संताप वाढत होता. पाण्यात जीव टांगून रोज जाणाऱ्या बायांना पाण्याचीच गंमत दाखवतोस? लाज नाही वाटत?

"एका बोटीत किती मुखत्यार व माय हे!"

"खाली बस बे टोपीवाल्या! उलटवतं का सगळ्याइले?"

"ह्याले आपल्या गादीवर बसवा एक दिवस."

मग ते सगळे एका बाजूला गोळा होऊन फोटो काढायला लागले, बोट कलली आणि घरचं कुत्रं पाण्यात पडलं. पडलं ते तरंगायलाच लागलं. अंगात केशरी जाकीट, पाठीवर उचलायला मूठ. पोरानं मूठ धरली आणि कुत्रं पिशवीसारखं वर.

हसता हसता शेजारच्या काकूच म्हणाल्या, "अव, कुत्र्याले बी हाय व!"

"काय हाय?"

"जाकीट. थे पाह्य. माणसाइले हाय अन् कुत्र्याले बी हाय."

बाया हसतच होत्या, पण आता त्या हसण्यात दम राहिला नव्हता. पुढं सिनेमात बरंच काही झालं. बोट खडकावर चढली, सासरा एका बेटावर राहून गेला. आमच्या बाया मात्र ज्याच्या त्याच्या अंगातलं जाकीट बघत बसल्या.

दिवे लागले. मिस्टर उठले, हात जोडले. "मजा आली ना? बरं, टाइम झाला, सभेचं पुढं पाहू." आणि बाया खरंच उठायला लागल्या. बकऱ्या कोणाला चुकल्यात? मी ओरडले, "भगिनींनो, हा तुमच्या हक्कांवर घाला आहे!" पत्रकात लिहिते तसंच तोंडातून आलं. एक जण चप्पल शोधत म्हणाली, "हाव बाई, घाला. पण घरी म्हैस हंबरून राह्यली."

तेव्हा माय बसल्या जागेवरून बोलली. आवाज चढवला नाही. गादीवर बोलते तसंच.

"कोणी उठू नका. बसा."

बसल्या! दाराशी पोहोचलेल्यासुद्धा तिथंच बसल्या. मिस्टरांना काय झालं ते कळलंच नाही. कळणार कसं? ते कधी गादीवर बसलेच नाहीत.

"आमाले जाकिटं कधी देता?" मायनं विचारलं.

"काकू, थे पिच्चर हाय. समुद्रातलं हाय."

"बुडाले समुद्रच लागते का?"

ग्रामसेवकानं पेन काढलं आणि मिस्टरांकडं बघितलं. मी म्हटलं, "तिकडं काय बघता? सरपंच इकडं आहेत." सरपंच बाई कोपऱ्यात पदर सावरून बसल्या होत्या. सगळ्यात जास्त त्याच हसल्या होत्या सिनेमात. नवऱ्याकडं न बघता म्हणाल्या, "लिहा."

"लिहा, लिहा. लिवाले काय जाते?" मिस्टर हसले.

त्या हसण्याचा अर्थ मला महिनाभरात कळला. ठराव मंजूर. पंचायतीतून तालुक्याला, तालुक्यातून बुलढाण्याला. मी मागे मागे फिरले. बुलढाण्यातल्या साहेबानं मोबाइलवरून नजर न काढता सांगितलं, "हा विषय कोणत्या खात्याचा, ते आधी ठरायचं आहे." पाऊस पडला, पेरणी सुरू झाली. नाव नाही. मी म्हटलं, रस्ता अडवू. माय म्हणाली, "अन् वावर कोण पेरते, तुह्यावालं पत्रक?"

पण बायांनी एक ठरवलं, आणि ते माझ्या डोक्यातून आलेलं नाही. नाव येईपर्यंत एकही लेकरू गादीवर बसणार नाही. मग लेकरं ठेवायची कुठं? अंगणवाडी उघडते उशिरा, बाया निघतात उजाडताच. म्हणून पलीकडे जायच्या आधी सगळ्याजणी आपापलं लेकरू सरपंचाच्या ओट्यावर आणून बसवतात. भाकरीचं फडकं सोबत. "साहेब, नाव येईपर्यंत पोट्टे तुमच्याजोळ," म्हणतात आणि चालू लागतात.

पहिल्या दिवशी मिस्टर खेकसले. दुसऱ्या दिवशी दार लावून बसले, तर लेकरांनी दार बडवलं. आता सरपंच बाई आतून दूध आणून देतात आणि मिस्टर बाहेर शेंबूड पुसतात. आज सकाळी मी गेले तेव्हा एक कारटं त्यांच्या मांडीवर भोकाड पसरून बसलं होतं आणि त्यांच्या कानाला फोन होता. "हाव साहेब, नावच. अर्जंट हाय साहेब. लई अर्जंट."

साहेबानं म्हणे या आठवड्यात माणूस पाठवतो म्हणून सांगितलं. मला आनंद व्हायला हवा. बाया खूश आहेत, माय आज मन लावून जेवली. पण मी त्या ओट्यासमोर उभी होते आणि माझं डोकं नुसतं तापत होतं. एक पोरगी पाण्यात गेली तेव्हा हे अर्जंट नव्हतं. बायांनी ठराव केला तेव्हा नव्हतं. एका माणसाची सकाळची झोप मोडली तेव्हा झालं.