फलाटासमोरची गॅलरी

आमच्या घरासमोर मेट्रोचं स्टेशन झालं, तेव्हा सगळे म्हणाले, "नशीबवान आहात, दारातच सोय झाली!" सोय झालीच, पण फलाट नेमका आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीच्या उंचीवर आला. आई तिथे उन्हात केस वाळवत बसायची. आता गाडीची वाट पाहणारे लोक थेट आमच्या घरात बघत राहतात. त्यांना तरी काय बोलणार? समोर जे येतं, ते माणूस बघतोच. आईने जाड पडदा लावला आणि आमच्याकडे दिवसाही दिवा लागू लागला.

"थोडा सरकव ना," मी चिडून म्हणायचे.

"मग तूच बस तिथे," ती म्हणायची.

काल दुपारी मी पहिल्यांदाच मेट्रोने घरी आले. फलाटावर उतरले, तर समोर आई! पडदा जरासा सारून, ओले केस मोकळे सोडून ती उन्हात उभी होती. मला इतका आनंद झाला, की मी हात हलवला. चष्मा नसलेल्या डोळ्यांनी तिने दचकून पाहिलं आणि खसकन पडदा ओढला.

घरी पोचले तेव्हा ती संतापलेली होती. "आता तर मेले हातसुद्धा करायला लागलेत!"

ती मीच होते, हे सांगायला माझी जीभ रेटेना.