उकिरड्यावरून उचललेला मुलगा

नोकरीतल्या पुष्कळ गोष्टी विसरलो, पण विश्रांतवाडीच्या चौकीत सकाळी सकाळी येऊन बसलेली ती बाई काही विसरता आली नाही. नावं सांगणार नाही. माणसं हयात असतील, सुखात असतील.

मी तेव्हा जमादार होतो. शिक्षण चौथीपर्यंत. पुढं शिकलो नाही त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. माझा जबाब कोर्टात कधी पडला नाही, एवढं मी छाती ठोकून सांगतो.

बाई हाडकुळी, अंगावर टीबीच्या दवाखान्याची चादरच पांघरलेली. म्हणाली, "सायब, पोराला गोरी मान्सं घेऊन चाललीत. परवा कोर्टात लिवून देनार. थांबवा."

विचारपूस केली. बाई सोलापूरकडची, बांधकामावर बिगारी. नवरा वारलेला. छातीचं दुखणं निघालं, डॉक्टर म्हणाले भरती व्हा. पोर ठेवायला कोणी नाही. म्हणून तिनं ते शहरातल्या एका अनाथ मुलांच्या संस्थेत ठेवलं. वर्ष उलटलं. सुटल्यावर न्यायला गेली तर पहारेकऱ्यानं फाटकातूनच घालवली. मूल एका परदेशी जोडप्याला दत्तक ठरलं होतं.

मी लिहायला घेतलं. "पोर कुणाचं?"

बाई जमिनीकडं बघायला लागली.

"अगं, पोर कुणाचं विचारतोय मी."

"उकिरड्यावर घावलं."

"मग तुझं काय त्यात?"

"त्याला न्यायाचं हाय मला."

आमचे फौजदार साहेब पलीकडं चहा पीत होते. अस्सल पुणेरी माणूस. म्हणाले, "जमादार, बाई स्वतः सांगतेय पोर तिचं नाही. आपण तिचं वकीलपत्र घेतलंय का? गोऱ्या लोकांकडून काही उकळायचा बेत असेल. लिहा डायरीत आणि पाठवा घरी."

संस्थेत फोन लावला. तिथल्या मुख्य बाई स्वच्छ बोलल्या, "मूल आणलं तेव्हा आम्ही हेच विचारलं. ती म्हणाली, माझं नाही, उकिरड्यावर सापडलं. माझ्या दोन सेविकांनी ऐकलंय. दिलेल्या पत्त्यावर माणूस पाठवला, तिथं कोणी नव्हतं. आम्ही अजून काय करायचं होतं?" त्यांचं खोटं नव्हतं. इमारत झाली की बिगाऱ्यांच्या झोपड्या हलतात. पत्ता कसा राहील?

कागदावर सगळं बाईच्या विरुद्ध होतं. पण मला राहवेना. आम्ही बरीच खोटारडी माणसं पाहिलेली असतात. खोटं बोलणारा समोरच्याचा चेहरा वाचत बोलतो. ही बाई जमिनीकडं बघून बोलत होती, आणि मुलाबद्दल विचारलं की थांबत नव्हती. डाव्या कुशीवर झोपतो, भाकरी कुस्करून दिली तरच खातो, उजव्या नाकपुडीला भोक हाय.

तिथं माझी पेन्सिल थांबली. मुलग्याच्या नाकाला भोक?

गावाकडं असा एक पोरगा माझ्याबरोबर गुरं राखायचा. मी पेन्सिल ठेवली आणि हळू विचारलं, "बाई, आधीची किती गेली?"

तिनं तीन बोटं वर केली आणि पदर तोंडात कोंबला.

मग उलगडलं. ज्या बाईची मुलं जगत नाहीत ती पुढचं मूल जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवते. दुसरी बाई ते उचलते. आईनं कोंडा देऊन ते तिच्याकडून परत घ्यायचं, केरकचऱ्यावरून नाव ठेवायचं, नाक टोचायचं. आणि पाच वर्षं माझं म्हणायचं नाही. म्हटलं तर काळाला कळतं. पोरगा तीन वर्षांचा होता. संस्थेत विचारलं तेव्हा तिनं त्याचा जीव राखण्यासाठीच नाही म्हटलं होतं. आता कोर्टात माझा म्हटलं तर तिच्या समजुतीप्रमाणं पोर मरणार, नाही म्हटलं तर पोर विमानात बसणार.

फौजदार साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "तिची श्रद्धा कळली, पुरावा कुठाय?"

"आणतो."

"आणि नाही मिळाला तर?"

"तरी आणतो."

साहेब हसले, पण जीप दिली.

उचलणारी बाई शोधायची होती. झोपड्या आधी खडकीत होत्या म्हणून खडकी पालथी घातली, शेवटी कर्वेनगरला एका नव्या सोसायटीच्या कामावर सापडली. म्हातारी घमेलं डोक्यावर ठेवूनच बोलली. "मीच उचललाय की! नाळ बी मीच कापली. सुपात कोंडा घेतला अन् तिचं तिला दिलं. आता काय म्हनं कुनी नेलं?" मी सांगितलं. तिनं घमेलं खाली टाकलं. मुकादम ओरडला. म्हातारी म्हणाली, "वरड की! पोलीस हाय माझ्यासंगं."

दोघींना घेऊन संस्थेत गेलो. परदेशी जोडपं तिथंच होतं, मुलगा त्या गोऱ्या बाईच्या मांडीवर. नाकपुडीवर बारीक भोक होतं, अर्धवट बुजलेलं. म्हातारीचं सगळं ऐकल्यावर मुख्य बाईंनी ते बघितलं आणि त्या खुर्चीत बसल्या. पोरगा आईकडं बघून रडला नाही की धावला नाही. वर्षभरात विसरला होता. आई उंबऱ्यापाशीच उभी राहिली.

जोडप्याचा वकील म्हणाला, "जमादार, भावना बाजूला ठेवा. मुलाचं हित बघा. तिकडं त्याला स्वतंत्र खोली आहे, शाळा आहे, डॉक्टर आहे. इकडं काय आहे? पत्रा?"

खरं सांगतो, पत्राच होता.

म्हातारी म्हणाली, "मग तुमी बी द्या तुमचं पोर. तिकडं तुमच्या घरापरीस मोठं घर आसंल."

वकील लाल झाला. गोऱ्या बाईनं विचारलं, ही काय म्हणाली? मुख्य बाईंनी एक शब्द न गाळता सांगितलं. उकिरडा, कोंडा, तीन मुलं, सगळंच सांगितलं. गोऱ्या बाईनं मुलाच्या नाकपुडीवरून बोट फिरवलं. मग काहीतरी बोलली. मुख्य बाईंनी मराठीत सांगितलं, "ती म्हणते, मी वर्षभर आजारी पडले असते तर माझं मूल न्यायला कोणी आलं नसतं."

नवरा खिडकीकडं तोंड करून उभा होता. त्यानं नुसती मान डोलावली.

ठरलेल्या दिवशी कोर्टात जोडप्यानं अर्ज मागं घेतला. मुख्य बाईंनी आपली चूक झाल्याचं उभं राहून सांगितलं. याला मन मोठं लागतं. जज्जसाहेबांनी आईला पुढं बोलावलं, तशी ती म्हातारीकडं बघायला लागली. म्हातारी मधेच उठली, "सायब, तिला इचारू नका. मला इचारा, मी उचललाय." शिपाई तिला बसवायला धावला. जज्जसाहेबांनी हातानं थांबवलं. म्हणाले, "या म्हाताऱ्या बाईंनाच विचारतो. त्या दुसऱ्या बाईंना तो प्रश्न विचारायची गरज दिसत नाही."

मूल आईच्या ताब्यात द्यायचा हुकूम झाला. मी बाहेर येऊन टोपी काढली. आत घामानं भिजली होती.

पोरगा लगेच आईकडं गेला नाही. पहिले काही दिवस मुख्य बाईंनी दोघांना संस्थेतच ठेवून घेतलं. मी एकदा डोकावलो तर आई भाकरी कुस्करत होती आणि तो तिच्या हाताकडं लक्ष ठेवून तोंड उघडून बसला होता. त्या दिवशी घरी जाऊन मी गाढ झोपलो.

या केसनं मला शिकवलं ते असं. श्रीमंताचं मूल नातेवाइकांकडं राहिलं तर ते पाहुणं असतं, गरिबाचं राहिलं तर ते बेवारस ठरतं. त्यानंतर चौकीत बेवारस पोर आलं की मी हवालदारांना आधी सरकारी दवाखान्यांत पाठवायचो, वॉर्डात कुठली बाई पोरासाठी रडतेय का बघा म्हणून. नवीन अधिकारी हसायचे. हसू देत. काही पोरांच्या आया दवाखान्याच्या खाटेवर सापडल्या.